डब्यातलं वरण घट्ट का झालं?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या महिन्यापासून डब्यात तीन बदल झालेत. वरण घट्ट झालं, भात एक डाव कमी झाला आणि आठवड्यातून दोनदा येणारी उसळ आता रोज येते. कोथरूडच्या आजींपासून हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या मुलांपर्यंत अनेकांनी फोन करून कारण विचारलं. सगळ्यांना एकदाच नीट सांगता यावं म्हणून हे पत्रक.

कारण एकच: डब्यातली प्रथिनं वाढवायची होती. आधी हिशोब बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. आता आपल्याकडचा नेहमीचा दिवस घ्या. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री दोन पोळ्या-भाजी किंवा मऊ भात. सगळं मिळून जेमतेम ४० ग्रॅम भरतात, आणि त्यातलीही बरीच गहू-तांदळातून आलेली. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो, पण त्यांत मेथिओनिन कमी पडतं आणि ते धान्यात असतं. त्यामुळे वरण-भात, थालीपीठ, भाकरी-पिठलं ही जोडी उत्तमच आहे. अडचण आहे ती प्रमाणाची. वाटीभर वरणात १५ ग्रॅम डाळ असेल तर त्यातून ३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, बाकी पाणी आणि फोडणी.

म्हणून आता आम्ही वरणासाठी माणशी ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ किंवा मूगडाळ मोजून घेतो आणि उसळीसाठी ४० ग्रॅम कोरडं कडधान्य. दोन पोळ्या, थोडा भात आणि दह्याची वाटी धरली की एका डब्यात प्रथिनं २५ ग्रॅमच्या पुढे जातात. दिवसाची निम्मी गरज दुपारीच भागते.

मटकीबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात. मटकी आम्ही रात्री भिजवतो, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधतो आणि अधूनमधून पाण्याचा हबका मारतो. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत लांब मोड येतात. डिसेंबर-जानेवारीच्या पुण्याच्या थंडीत मात्र दीड-दोन दिवस थांबावं लागतं, म्हणून त्या दिवसांत मूग आणि मसूर जास्त दिसतील. मोड आल्याने प्रथिनं दुप्पट होतात असं ऐकू येतं, ते खरं नाही. दाणा पाणी पिऊन फुगतो, वजन वाढतं, प्रथिनं तेवढीच राहतात. फायदा वेगळा आहे: लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं. पचायलाही बरं पडतं. रोजच्या उसळीने सुरुवातीला पोटात गॅस धरत असेल तर पंधरा दिवस अर्धी वाटीच घ्या, मग हळूहळू वाढवा.

आतली सूज

ठेच लागली की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं आणि काही दिवसांत बरं होतं. ही सूज शरीराला हवीच. काळजीची गोष्ट म्हणजे मंद, न दुखणारी सूज, जी वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांत आणि यकृतात धुमसत राहते. मधुमेह आणि हृदयविकाराशी तिचा जवळचा संबंध आहे. तिचं एक मोठं उगमस्थान पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी हे आहे. ही चरबी दाह वाढवणारी रसायनं सतत रक्तात सोडत असते.

इथे पुण्याचा एक दाखला सांगायलाच हवा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे त्यांच्या छायाचित्रासह छापून आलं. आपल्यातले कितीतरी लोक असेच हातपायांनी बारीक आणि आतून चरबीचे असतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणाची टेप जास्त खरं सांगते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी.

डॉक्टर सांगतील तर ही आतली सूज किती आहे ते दाखवणारी एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी करता येते. हृदयविकाराच्या जोखमीच्या दृष्टीने लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा चांगला, ३ च्या वर जास्त. मात्र सर्दी-ताप असताना किंवा दाढ सुजलेली असताना ती करू नका, आकडा तेवढ्यानेही चढतो.

ही सूज उतरवायला भात-पोळीचा एखादा घास कमी करून त्या जागी उसळ घेणं हा आम्हाला सगळ्यात सोपा उपाय वाटतो. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, चारच्या चहाबरोबर खारी-बिस्किटांवर हात जात नाही. कडधान्यातला चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतो आणि ते ब्युटिरेट तयार करतात, जे आतड्याचं अस्तर धड ठेवतं आणि दाह आटोक्यात ठेवायला मदत करतं. मिसळीतली मटकी म्हणून चांगलीच, पण वरचं फरसाण निम्मं करा. तळणीचं तेल आम्ही पुन्हा वापरत नाही आणि वनस्पती तूप आमच्या स्वयंपाकघरात येत नाही.

शुक्रवारी डब्यात जवसाची चटणी असते. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल भरपूर आहे, पण अख्खा जवस न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून भाजून कुटलेलाच खावा. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकतं, तेव्हा मासे खाणाऱ्यांनी बांगडा सोडू नये. हळदीबद्दलही विचारणा होते. फोडणीतली हळद जरूर खा. हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, काही लोकांच्या यकृताला त्यांनी इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

आजी-आजोबांसाठी

साठीनंतर स्नायू भराभर झिजतात आणि भूक मात्र कमी होते. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. रात्री चहा-पोळीवर भागवणाऱ्या ज्येष्ठांबद्दल आम्हाला खरोखर काळजी वाटते. सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडं, रात्री मुगाची घट्ट खिचडी आणि कपभर दूध एवढं जरी केलं तरी फरक पडतो. उपासाला नुसत्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, खिचडीत असतात ती दाण्याच्या कुटाची. तेव्हा कूट सढळ हाताने घाला आणि सोबत दही घ्या. खाल्लेल्या प्रथिनांचे स्नायू व्हायचे तर हालचालही लागते. तळजाई टेकडीवर चालून या, जमत नसेल तर घरातच हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा.

डबा बदलून हवा असेल तर

मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर बहुतेकदा प्रथिनं मोजून खावी लागतात. अशा ग्राहकांनी हा डबा आहे तसा घेऊ नये. डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं प्रमाण आम्हाला द्या, त्याप्रमाणे डबा वेगळा भरू. त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवस रोज खायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना जुन्यासारखा पातळ वरणाचा डबा हवा आहे त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून पाठवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीपासून तसा डबा येईल.