घरी बांधलेल्या हलक्या विमानाचा स्टॉल सौम्य कसा करतात

कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि विमान घरीही बांधता येते ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्यांदाच अनेकांना खरी वाटली. ज्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील कारखानदार नमुन्यावरून अख्खे यंत्र उभे करतात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनांचे सुटे भाग ओतले जातात, तेथील एखाद्या तरुणाने दोन आसनी विमानाचा आराखडा मागवला तर त्यात नवल नाही. सांगाडा, पत्रा, रिव्हेट, इंजिनाची बैठक ही कामे येथील कारागिरांच्या आवाक्यातली आहेत. मात्र तयार झालेले विमान कमी वेगात कसे वागेल, हे आराखड्यावरून पूर्णपणे सांगता येत नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. स्टॉल होतो तो पंखाचा. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातील कोनाला आपातकोन म्हणतात. वैमानिक स्टिक, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढत जातो तसा हा कोन वाढतो आणि काही मर्यादेपर्यंत उचलही वाढते. साधारण 15 ते 18 अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, तेथे भोवरे माजतात आणि उचल घटते. हे घडणे कोनावर अवलंबून असते, वेगावर नाही. तरीही वैमानिकासमोरच्या तबकडीवर वेग दिसतो, कोन दिसत नाही, आणि बरेच अपघात या फरकातून घडतात. सरळ उड्डाणात ताशी 80 किलोमीटरला स्टॉल होणारे विमान उंची कायम राखून 45 अंश कलते वळण घेत असेल तर ताशी 95 लाच स्टॉल होते, आणि 60 अंश कलले असेल तर 113 ला. धावपट्टीकडे वळतानाचे शेवटचे वळण धोक्याचे ठरते ते यामुळेच, कारण त्या वेळी वेग कमी असतो आणि सावरण्यापुरती उंचीही हाताशी नसते.

स्टॉल सुधारण्याचा अर्थ स्टॉलचा वेग खाली आणणे असा पुष्कळ हौशी बांधणारे घेतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: हवा प्रथम कोठे सुटते, आणि दोन्ही पंखांवर ती एकाच वेळी सुटते का? पंखाच्या मुळाशी आधी सुटली तर विमान थरथरते, नाक खाली टाकते, आणि टोकाकडचे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा, तोवर काम करत राहतात. टोकाशी आधी सुटली, तीही एकाच बाजूला, तर तो पंख कोसळतो आणि विमान गिरकीत, म्हणजे गोल फिरत खाली कोसळू लागण्याच्या अवस्थेत, जाऊ शकते. म्हणून पुष्कळ पंखांना मुळापासून टोकापर्यंत दोन-तीन अंशांचा पीळ दिलेला असतो, म्हणजे टोकाचा आपातकोन नेहमी थोडा कमी राहतो.

घरी बांधलेल्या विमानात नेमका हा हिशेब बिघडतो. एका बाजूचा पीळ अर्ध्या अंशाने चुकला, पुढच्या कडेवर पुट्टीचा थर एका पंखाला जास्त बसला, किंवा घासताना कडेची गोलाई किंचित टोकदार झाली, तर एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमाने स्टॉलमध्ये वेगवेगळी वागतात. एन.ए.सी.ए. 23012 सारखे पंखाचे काही जुने छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारे आकार, तर मुळातच एकाएकी स्टॉल होणारे आहेत. त्यांच्यावर कारागिरीतील उणीव अधिक उघडी पडते. तेव्हा पहिला उपाय वायुगतिकीचा नाही, मोजमापाचा आहे. पुढच्या कडेचा पत्र्याचा फर्मा कापून तो दोन्ही पंखांवर त्याच अंतरांवर लावून पाहावा आणि प्रत्येक ठिकाणचा कोन डिजिटल लेव्हलने नोंदवून घ्यावा.

नंतर हवा पाहण्याची पाळी येते. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे पंखाच्या वरच्या बाजूला ओळींनी चिकटवतात आणि शेपटीवर छोटा कॅमेरा बसवतात. हवा चिकटून वाहते तेथे धागे मागे सरळ पडून राहतात, सुटते तेथे ते फडफडतात, उलटतातसुद्धा. इतक्या स्वस्तात इतकी माहिती देणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

दोष दिसल्यावर सर्वांत साधी दुरुस्ती म्हणजे स्टॉल स्ट्रिप, अर्थात त्रिकोणी छेदाची वीतभर पट्टी. ती पंखाच्या मुळाजवळ पुढच्या कडेवर लावली की मोठ्या कोनात तेथील हवा मुद्दाम लवकर सुटते. सुरुवातीला ती टेपने चिकटवतात, प्रत्येक उड्डाणानंतर थोडी वर-खाली सरकवतात आणि समाधान झाल्यावरच कायमची बसवतात. याची किंमत म्हणून स्टॉलचा वेग थोडा वाढतो, आणि ती किंमत द्यावी. व्होर्टेक्स जनरेटर ही बोटाच्या पेराएवढी उभी पाती याच्या उलट काम करतात: ती बारीक भोवरे उठवून पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेत वरची वेगवान हवा मिसळतात, त्यामुळे हवा अधिक काळ चिकटून राहते. एलेरॉनच्या पुढे लावल्यास ती उपयोगी पडतात. मात्र पंखभर लावली तर लांबलेला स्टॉल येताना अधिक झटक्याने येऊ शकतो.

रंकाळ्यावर उतरणारा बगळा पाहिला तर पंखाच्या पुढच्या कडेवर अंगठ्याजवळच्या पिसांचा छोटा झुपका उभारलेला दिसतो. मोठ्या कोनात हवा चिकटून ठेवण्याची ती त्याची सोय आहे. माणसाने पुढच्या कडेचा उपयोग निराळ्या रीतीने केला. अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्राने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केलेल्या प्रयोगांत पंखाच्या फक्त बाहेरच्या भागाची पुढची कड पुढे वाढवून खाली झुकवली आणि ती जेथे सुरू होते तेथे मुद्दाम खाच ठेवली. या खाचेतून उठणारा भोवरा कुंपणाचे काम करतो, त्यामुळे आतला भाग स्टॉल झाला तरी बाहेरचा उडत राहतो. सिरस कंपनीच्या विमानांच्या पंखांवर ही खाच आजही दिसते. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रूटान यांनी मात्र प्रश्नच फिरवला: त्यांच्या लाँग-ईझी विमानात छोटा पंख पुढे आहे, तो आधी स्टॉल होतो, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने याच आराखड्यावर आधारलेले संशोधन विमान 1987 मध्ये उडवले होते.

इशारा देणारे साधनही हवेच. सेसनाच्या छोट्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असते. कोन वाढला की तेथे खेच निर्माण होते आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेने, हार्मोनियममध्ये वाजते तशी, रीड वाजू लागते. बॅटरी नाही, वायर नाही. आपातकोन थेट दाखवणारी यंत्रे आता घरबांधणीच्या विमानांतही बसवता येतात आणि इतर हौसेच्या उपकरणांआधी पैसा त्यांच्यावर खर्च करावा.

चाचणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीनेच, अनुभवी वैमानिकाकडून आणि जमिनीपासून दीड-दोन हजार मीटर उंचीवर व्हावी. वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर प्रतितास एवढ्याच संथ गतीने उतरवतात. सावरताना आधी स्टिक पुढे, म्हणजे कोन कमी, आणि मगच इतर सर्व. कोल्हापूर विमानतळाची, म्हणजे उजळाईवाडीची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात 38 अंश तापमानात तेथील हवा प्रमाण वातावरणातील दीड हजार मीटरवरच्या हवेइतकी विरळ होते. तबकडीवरचा स्टॉल वेग तोच राहतो, पण प्रत्यक्ष वेग आठेक टक्क्यांनी जास्त असतो आणि उतरल्यावर विमान अधिक लांब धावते. गुरुत्वमध्य पुढे ठेवून केलेल्या चाचण्या नीट पार पडल्यावरच तो टप्प्याटप्प्याने मागे नेतात, कारण तो मागे गेला की नाक खाली आणण्याची विमानाची स्वाभाविक ओढ कमी होते, आणि वैमानिक एकटा असताना सालस वाटलेले विमान मागे सामान भरल्यावर गिरकीतून बाहेर यायला नकार देऊ शकते.