स्वयंसेवी कॉम्प्युटिंग प्रोजेक्ट किती वर्षं चालणार याचा अंदाज

जगभरातले लोक आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ एखाद्या संशोधनाला देतात, मधला एक सर्व्हर मोठं काम छोट्या छोट्या तुकड्यांत फोडून सगळ्यांना वाटतो आणि झालेले तुकडे परत गोळा करतो, याला स्वयंसेवी डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग म्हणतात. असा प्रोजेक्ट सुरू झाला की आठवडाभरात कोणीतरी विचारतंच, हे संपणार कधी? प्रश्न साधा आहे, पण उत्तर काढताना भल्याभल्यांची दमछाक होते, कारण इथे मशीन संशोधकाच्या मालकीची नसतात, माणसं पगारी नसतात, आज आलेला माणूस उद्या असेलच असं नाही, आणि काही प्रोजेक्टमध्ये तर एकूण काम किती हेच आधी माहीत नसतं.

बेसिक गणित चौथीतल्या पोराला जमेल असं आहे. एकूण तुकडे किती, झाले किती, रोज किती परत येतात, उरलेल्याला रोजच्या आकड्याने भागायचं. पण यातला एकही आकडा जागेवर राहत नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या स्वयंसेवी प्रोजेक्टचं आहे, कारण तिथे एकूण काम तरी पक्कं ठाऊक होतं. आरसी५ नावाच्या सायफरने (मेसेज गुप्त करायच्या पद्धतीने) लॉक केलेला मेसेज उघडायचा, त्यासाठी शक्य तेवढ्या सगळ्या चाव्या एकेक करून लावून बघायच्या. ५६ बिटची चावी १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये सापडली, २५० दिवस लागले आणि तोवर ४७ टक्के चाव्या तपासून झाल्या होत्या. म्हणजे त्या सरासरी वेगाने सगळ्या तपासायला साधारण ५३० दिवस लागले असते. आता पुढची चावी ६४ बिटची, चावीत एक बिट वाढला की शक्य चाव्या दुप्पट होतात, म्हणून आठ बिट वाढले की काम २५६ पट होतं, तर ५३० गुणिले २५६ म्हणजे एक लाख छत्तीस हजार दिवस, ३७० वर्षांच्या वर. हा हिशोब कागदावर बरोबर आहे आणि प्रत्यक्षात ती चावी १,७५७ दिवसांत, म्हणजे पाच वर्षांच्या आत सापडली! मधल्या काळात मशीन फास्ट झाली आणि भाग घेणारे तीन लाखांच्या वर गेले, हे त्या भागाकारात कुठेच नव्हतं.

नशिबाचा भागही यात आहेच. चावी पहिल्या दिवशी सापडू शकते किंवा अगदी शेवटच्या, त्यामुळे सरासरीने निम्मं काम झाल्यावर सापडेल असं धरतात. ६४ बिटवाली ८० टक्क्यांहून जास्त चाव्या तपासल्यावर मिळाली. लोकांचा इथे नेहमी घोळ होतो, त्यांना वाटतं की एवढं झालंय म्हणजे आता कुठल्याही क्षणी सापडणार. खरं म्हणजे उरलेल्या चाव्यांपैकी प्रत्येकीची शक्यता अजूनही सारखीच असते, म्हणून अंदाज उरलेल्या कामाच्या निम्म्यावर काढायचा आणि सोबत पूर्ण उरलेलं काम हा कमाल आकडाही सांगायचा. आणि शेवटचा धक्का तर कोणत्याच फॉर्म्युल्यात बसत नाही. बरोबर चावी टोकियोतल्या एका ४५० मेगाहर्ट्झ पेंटियम थ्री कॉम्प्युटरने १४ जुलै २००२ ला परत पाठवली होती, पण सर्व्हरवरची तपासणीची स्क्रिप्ट बिघडलेली असल्याने १२ ऑगस्टपर्यंत ती कोणाच्या लक्षातच आली नाही. जवळजवळ महिनाभर उत्तर हातात होतं आणि जगभरातली मशीन पुढच्या चाव्या तपासत बसली होती.

७२ बिटचं काम ३ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. ६४ बिटच्या सरासरी वेगाने सगळ्या चाव्या तपासायच्या तर दीड हजार वर्षांच्या आसपास आकडा येतो. नंतर ग्राफिक्स कार्डं आली, एकेक कार्ड जुन्या प्रोसेसरच्या कितीतरी पट काम करायला लागलं आणि तो आकडा खूप खाली आला, तरी वीस वर्षं उलटून गेल्यावरही चाव्यांचा बहुतेक साठा तपासायचा शिल्लकच आहे. या चाव्या शोधायची स्पर्धा ठेवून बक्षीस देणाऱ्या आरएसए लॅब्स या कंपनीने तर २००७ मध्ये स्पर्धाच बंद केली, प्रोजेक्टवाल्यांनी मात्र काम चालू ठेवलं.

याच लोकांचा दुसरा प्रोजेक्ट गोलोम्ब पट्टीचा. पट्टीवर खुणा अशा करायच्या की कुठल्याही दोन खुणांमधलं अंतर दुसऱ्या कुठल्याच जोडीसारखं नसावं, आणि अशी सगळ्यात आखूड पट्टी कोणती ते सिद्ध करायचं. इथे तुकडे मोजता येतात पण सगळे तुकडे सारखे नसतात, एक काही मिनिटांत संपतो आणि शेजारचाच तासन्‌तास चालतो, त्यामुळे ६० टक्के तुकडे झाले याचा अर्थ ६० टक्के वेळ संपला असा होत नाही. २४ खुणांचं काम २००४ मध्ये संपलं, २५ चं ऑक्टोबर २००८ मध्ये, म्हणजे २६ ला दहा-बारा वर्षं तरी लागतील असं कोणालाही वाटलं असतं. ते फेब्रुवारी २००९ मध्येच, चार महिन्यांत उरकलं, कारण शोधायचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला होता. त्यानंतर २७ ला पाच वर्षं गेली (२०१४) आणि २८ ला आठ वर्षांहून जास्त (२०२२). नवा प्रोग्रॅम एकदाच उडी मारून देतो, पुढे काम परत आपल्या चालीने वाढतच जातं. माझ्या मते अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाने हे पाच आकडे एकदा कागदावर शेजारी शेजारी लिहून बघावेत.

काही प्रोजेक्टमध्ये प्रत्येक पुढचा तुकडा मागच्यापेक्षा जड असतो. सेव्हन्टीन ऑर बस्ट हा २००२ चा प्रोजेक्ट, सतरा संख्या उरल्या होत्या, प्रत्येकीसाठी एका ठराविक साच्यातली (ती संख्या गुणिले दोनचा कुठलातरी घात, अधिक एक) एक तरी प्राईम संख्या शोधायची, सतराच्या सतरा निकाली निघाल्या की सिएरपिन्स्की संख्यांचा एक जुना प्रश्न सुटतो. पहिल्या साडेपाच वर्षांत अकरा निकाली निघाल्या! त्या वेगाने उरलेल्या सहा तीनेक वर्षांत व्हायला हव्या होत्या. झालं असं की बारावी २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि पाच अजून बाकी आहेत. सोप्या संख्या आधी निघून जातात, चिवट मागे राहतात, आणि घातांक दुप्पट झाला की एका तपासणीला चौपटीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवातीच्या यशावरून सरळ रेघ ओढणं चूकच. त्यात २०१६ मध्येच या प्रोजेक्टचा सर्व्हर गेला, सोबत डेटाही गेला, आणि पुढचं काम प्राईमग्रिड या दुसऱ्या स्वयंसेवी प्रोजेक्टने उचलून धरलं, नाहीतर तिथेच संपलं असतं.

गिम्प्सची गोष्ट वेगळी, १९९६ पासून चालू असलेला मर्सेन प्राईम (दोनचा एखादा घात उणे एक, अशी प्राईम संख्या) शोधायचा हा प्रोजेक्ट. याला शेवट असा नाहीच, म्हणून इथे प्रोजेक्ट कधी संपेल असं न विचारता पुढची प्राईम कधी मिळेल असं विचारतात. गणितातला एक अंदाज सांगतो की घातांक दुप्पट होईपर्यंत सरासरी पावणेदोनच्या थोड्या वर नव्या प्राईम भेटाव्यात. पण सरासरी ती सरासरी, डिसेंबर २०१८ नंतरची पुढची थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली, मधली जवळपास सहा वर्षं कोरडी. ही नवी संख्या ४ कोटी १० लाख अंकांची आहे.

डेटा बाहेरून येत राहतो अशा प्रोजेक्टना तर सुरुवातीचा अंदाज अजिबात लागू पडत नाही. बर्कली विद्यापीठाचं, परग्रहावरच्या जीवसृष्टीचे रेडिओ संकेत शोधणारं सेटी अॅट होम १७ मे १९९९ ला सुरू झालं तेव्हा दोन वर्षांची योजना होती आणि फार तर लाखभर कॉम्प्युटर येतील असं धरलं होतं. पुढे ५० लाखांच्या वर लोक येऊन गेले आणि काम वाटणं बंद झालं ते ३१ मार्च २०२० ला, म्हणजे जवळजवळ २१ वर्षांनी. थांबायचं कारणही तुकडे संपले असं नव्हतं, आता आणखी तपासून फार काही नवं हाती लागणार नाही आणि आलेल्या निकालांचं विश्लेषण करून पेपर लिहायला माणसं मोकळी हवीत, असं टीमने ठरवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. स्वयंसेवकाच्या स्क्रीनवरचं काम संपतं तिथे संशोधन संपत नाही, मागे छाननी उरते, आणि वेळेचा हिशोब मांडताना ती बहुतेक वेळा विसरली जाते.

जास्त लोक आले की काम लवकर संपतं हेही दर वेळी खरं नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रोटीनच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग अॅट होमवर एवढी गर्दी झाली की एकत्रित वेग एक एक्झाफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या) वर गेला, पण तेवढे नवे तुकडे तयार करायला सर्व्हर आणि माणसं पुरेनात, लोकांची मशीन काम मागत रिकामी बसली. अशा वेळी अंदाज स्वयंसेवकांच्या वेगावर बांधून उपयोग नसतो, तुकडे किती वेगाने बनतात त्यावर बांधावा लागतो.

आता एका मशीनपुरतं बघू. बॉइंक हे सॉफ्टवेअर बरेच प्रोजेक्ट वापरतात, त्यात प्रत्येक तुकड्यापुढे उरलेला वेळ दिसतो. तुकड्याला साधारण किती आकडेमोड लागेल ते प्रोजेक्टवाले आधी लिहून देतात, सॉफ्टवेअर आपल्या मशीनच्या वेगाने त्याला भागतं आणि मागचे तुकडे खरंच किती वेळात झाले ते बघून आकडा सुधारतं. म्हणूनच नवीन प्रोजेक्ट जोडला की पहिले काही दिवस हा आकडा काहीच्या काही असतो, त्यावर जाऊ नये. मी पूर्वी क्लायमेट प्रेडिक्शन या हवामानाच्या प्रोजेक्टचं मॉडेल चालवायचो, एकच तुकडा आठवडेच्या आठवडे चालायचा. आमच्याकडे तेव्हा रोजचं लोडशेडिंग, लाईट गेली की मशीन बंद, लाईट आली की शेवटी सेव्ह झालेल्या जागेपासून परत सुरू, आणि स्क्रीनवर दिसणारे चाळीस दिवस माझ्या कॅलेंडरवर अडीच-तीन महिने व्हायचे. सॉफ्टवेअर मशीन चालू असल्याचे तास मोजतं, आपण भिंतीवरच्या कॅलेंडरचे दिवस मोजतो, आणि असे लाखो लोक जोडले की हाच फरक सगळ्या प्रोजेक्टच्या अंदाजात उतरतो.

शिवाय बऱ्याच ठिकाणी एकच तुकडा दोन वेगळ्या मशीनना देऊन उत्तरं जुळतात का बघतात, कारण घरगुती मशीन गरम होऊन चुकू शकतं किंवा कोणी मुद्दाम खोटं उत्तर पाठवू शकतं. म्हणजे काम सरळ दुप्पट झालं. गिम्प्सने २०२० पासून उत्तरासोबतच छोटासा पुरावा पाठवायची सोय केली, तो तपासायला फार थोडा वेळ लागतो, त्यामुळे नव्या तपासण्यांचं दुसऱ्यांदा करायचं काम जवळपास वाचलं. अंदाज अर्ध्यावर आणणारा बदल असाही येतो, नवी मशीन न घेता.

शेवटचे एक-दोन टक्के सगळ्यात रेंगाळतात. कोणीतरी तुकडा घेऊन मशीन विकून टाकलेलं असतं, मुदत संपेपर्यंत सर्व्हर वाट बघतो, मग तोच तुकडा दुसऱ्याला देतो, तोही देत नाही, परत तिसऱ्याला. ९८ टक्के पटापट झालं म्हणून उरलेलं दोन दिवसांत होईल असं सांगितलं की हमखास तोंडघशी पडायला होतं, मुदतीच्या निदान दोन फेऱ्या धराव्यात. आणि पैसा नि यजमान संस्था हे तर गणिताच्या बाहेरचंच. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हे असंच स्वयंसेवी काम २००४ मध्ये आयबीएमने सुरू केलं, पुढे ते टोरोंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलं आणि त्या बदलात २०२२ मध्ये काही महिने काम वाटणंच बंद होतं.

त्यामुळे प्रोजेक्टच्या पानावर एकच तारीख लिहिण्याऐवजी गेल्या तीस दिवसांचा वेग आणि गेल्या वर्षभराचा वेग असे दोन हिशोब करून "इतक्या ते इतक्या महिन्यांत" असा पट्टा द्यावा, तुकडे सारखे आहेत की वाढत जाणारे ते स्पष्ट लिहावं, आणि दर महिन्याला आकडा बदलला तर का बदलला तेही दोन ओळींत सांगावं. वीज, पंखा, मशीनची झीज सगळं स्वयंसेवक स्वतःच्या खिशातून भरतोय, त्याला एवढी माहिती मिळायलाच हवी.