फाउंड्रीची जळकी वाळू वीट-कौलांत वापरायची आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, साच्यांची वाळू वापरून वापरून निकामी होते. ही काळी वाळू विटांच्या मातीत मिसळता येते. कोकणातल्या चिकण मातीला तिचा फायदाच होतो, कारण वाळू पडली की कच्ची वीट वाळताना कमी आकसते आणि तडे कमी जातात. पण फुकट मिळते म्हणून ट्रक आधी उतरवून घ्यायचा आणि कागद नंतर बघायचे, असे अजिबात करू नका.

पहिला कागद म्हणजे वाळूचा तपासणी अहवाल. पुढची सगळी वाट त्यावर ठरते. बिडाच्या कास्टिंगची वाळू बहुधा सिलिका, बेंटोनाइट (एक प्रकारची चिकण माती) आणि कोळशाची भुकटी एवढ्याचीच असते. पितळ-काशाच्या फाउंड्रीच्या वाळूत मात्र शिसे, जस्त, कॅडमियम असू शकते, आणि रेझिन (वाळू बांधून ठेवणारे रसायन) वापरलेल्या वाळूत फिनॉल हे विषारी रसायन. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून टीसीएलपी चाचणी, म्हणजे वाळूतून द्रवात किती विषारी घटक पाझरतात ते मोजणारी चाचणी, करून घ्या. पाझरून येणारे शिसे लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा कॅडमियम १ मिलिग्रॅम या मर्यादेला पोचले, तर तो माल घातक कचरा ठरतो. अहवाल त्याच फाउंड्रीचा आणि त्याच प्रकारच्या वाळूचा हवा. चार ठिकाणची मिसळलेली वाळू घेऊच नये, तिच्या अहवालाला काही अर्थ उरत नाही.

अहवाल स्वच्छ आला, तर काम तुलनेने सोपे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भट्टीच्या संमतीपत्रात (भट्टी चालवायला मंडळाने दिलेल्या परवानगीत) कच्चा माल म्हणून या वाळूची नोंद करून घ्या. फाउंड्रीच्या संमतीपत्रात वाळूची विल्हेवाट कशी लावायची ते लिहिलेले असते. त्याची प्रत मागा, आणि दोन्ही कागद एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

माल घातक ठरला, तर घातक व इतर कचरा नियम, २०१६ लागू होतात. नियम ९ नुसार अशा वापराला मंडळाचे प्राधिकारपत्र लागते, आणि ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीनुसारच मिळते. त्या वापरासाठी कार्यपद्धती नसेल, तर केंद्रीय मंडळाकडे जाऊन आधी चाचणी-उत्पादन करून दाखवावे लागते. अर्ज नमुना १ मध्ये करायचा. सोबत संमतीपत्राची प्रत, जिल्हा उद्योग केंद्राची नोंदणी आणि यंत्रसामग्रीच्या स्थापित क्षमतेचा दाखला जोडायचा. मंडळाला निर्णयासाठी १२० दिवस असतात, प्राधिकारपत्र ५ वर्षांचे असते. लहान भट्टीवाल्याला माझा स्पष्ट सल्ला आहे: या वाटेला जाऊ नका, बिडाची स्वच्छ वाळू शोधा.

आता पात्रतेचे. संमतीपत्रच नसलेल्या भट्टीने आधी ते घ्यावे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर लांब हवी. आंबा-काजूच्या बागा जिथे तिथे असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही अट सगळ्यात आधी अडवते, म्हणून नव्या भट्टीची जागा घेण्यापूर्वी चहूबाजूंनी अंतर मोजा. खाडीकाठची जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, हद्द तपासा. मातीचे स्वामित्वधन (रॉयल्टी) तहसील कार्यालयात भरावे लागते. पारंपरिक कुंभार व्यावसायिकांना त्यात सवलत आहे, त्यासाठी जातीचा दाखला आणि सातबारा जवळ ठेवा.

मंजुरी मिळाल्यावर भाजलेल्या विटेचीही पाझर चाचणी करून घ्या. पोलादाच्या कास्टिंगमध्ये क्रोमाइट वाळू वापरलेली असेल, तर भट्टीत भाजताना तिच्यातले क्रोमियम जास्त विषारी रूपात जाऊ शकते, म्हणून नुसत्या वाळूचा अहवाल पुरत नाही. विटेची ताकद आणि पाणी शोषण आयएस ३४९५ या भारतीय मानकाप्रमाणे तपासतात. आयएस १०७७ नुसार नेहमीच्या वर्गांच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. खारवट माती असेल तर लोणा फुटतो का तेही बघा.

वाळूचा ढीग पक्क्या जमिनीवर आणि छपराखाली हवा, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीतच त्यातले पाणी वहाळात उतरेल. कोरडी वाळू चाळताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. चाळण्यापूर्वी वाळू ओली करा आणि कामगारांना चांगले मास्क द्या. घातक मालाच्या बाबतीत प्रत्येक खेपेसोबत नमुना १० (मालाच्या वाहतुकीचा कागद) हवा, रोजची नोंद नमुना ३ मध्ये, आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाकडे.