'लिंबू-निलगिरी तेल' या नावामागचा गोंधळ

१९५७ मध्ये डीट हे अंगाला लावायचे, डास दूर ठेवणारे कृत्रिम रसायन सर्वसामान्यांच्या हाती आले आणि डास पळवणारी सुगंधी तेले मागे पडली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुगंधी गवतापासून काढलेल्या सिट्रोनेला तेलावरच मुख्य भिस्त होती. १९२९ नंतर डायमिथाइल थॅलेटसारखी कृत्रिम द्रव्ये त्याच्या जोडीला आली. सिट्रोनेलाची खोड तेव्हापासून तीच आहे. त्यातले सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल भराभर उडून जातात. डासाला लांब ठेवतो तो त्वचेलगतचा बाष्पाचा थर. तो विरळ झाला की आपल्याला वास येत असतानाही डास चावतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डासांच्या पिंजऱ्यात हात घालून वेळ मोजली गेली. सुमारे २४ टक्के डीट सरासरी पाच तास टिकले, सिट्रोनेलाची उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत.

या पडझडीतून एक वनस्पतिजन्य द्रव्य मात्र वर आले, आणि त्याच्याच नावाने सगळा घोळ केला आहे.

लिंबाच्या वासाच्या निलगिरीची पाने वाफेवर ऊर्ध्वपातित केली की मिळणाऱ्या तेलात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त सिट्रोनेलाल असते. हे तेल सिट्रोनेलासारखेच लवकर उडते. चीनमध्ये लक्षात आले की तेल काढून घेतल्यावर मागे राहणारा टाकाऊ भाग डासांवर कितीतरी जास्त वेळ काम करतो. त्यातले कामाचे द्रव्य निघाले पॅरा-मेंथेन-३,८-डायॉल, म्हणजे पीएमडी. ते सावकाश उडते, म्हणून टिकते. मूळ तेलात ते जेमतेम एक-दोन टक्के असते. त्यामुळे उत्पादक तेलावर सौम्य आम्लाची प्रक्रिया करून सिट्रोनेलालचे पीएमडी करतात आणि त्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवर नेतात.

अमेरिकेत २००० मध्ये या प्रक्रिया केलेल्या अर्काची नोंदणी झाली ती 'ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस' या नावाने. बाटलीतल्या साध्या तेलाचे नाव 'लेमन युकॅलिप्टस इसेन्शियल ऑइल'. शब्द जवळपास तेच, द्रव्ये वेगळी! हे नाव देण्याचा निर्णय चुकीचाच होता. २००५ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने अर्काची शिफारस केली आणि तिचा आधार घेऊन लोक इसेन्शियल ऑइल अंगाला लावू लागले. युरोपीय नोंदीतले 'हायड्रेटेड, सायक्लाइज्ड' हे शब्द बोजड असले तरी प्रक्रिया झाल्याचे निदान सांगतात. मराठीत तर आणखी एक भर: नुसते 'निलगिरी तेल' म्हटले की सर्दीला हुंगायचे, सिनिओलचे तेल डोळ्यांसमोर येते. ते तिसरेच.

म्हणून लेबलवर पीएमडीचा आकडा शोधावा. ३० टक्के अर्क म्हणजे साधारण २० टक्के पीएमडी. आकडाच नसेल तर ते साधे तेल समजावे.

साधे तेल वापरायचेच तर ३० मिली वाहक तेलात (खोबरेलासारख्या, पातळ करायला वापरायच्या तेलात) ०.६ मिली, म्हणजे सुमारे १२ थेंब, हे २ टक्के मिश्रण होते. पाण्यात ते मिसळत नाही. वर तरंगते आणि फवारताना कधी नुसते पाणी, कधी निव्वळ तेल बाहेर पडते. निव्वळ तेलाने त्वचेची आग होते. व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारे द्रव्य) घातल्यास उडण्याचा वेग कमी होतो, तरी अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा लावावे लागते. पीएमडीचा अर्क डोळ्यांना झोंबतो आणि तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असे त्याच्या लेबलवर असते. साध्या तेलाच्या बाटलीवर ही सूचना बहुधा नसते.