अत्वा आणि सुल्हा: मुदत कुठली, समेट कुठला

जॉर्डनमधलं एखादं गाव. बैठकीच्या खोलीत वीस-पंचवीस पुरुष येऊन बसलेत. यजमान कडू कॉफीचा पेला पुढे करतो. पाहुण्यांतला ज्येष्ठ तो घेतो, पण ओठाला न लावता समोर ठेवून देतो. आधी मागणं मान्य करा, मग कॉफी. ही मंडळी म्हणजे 'जाहा', दोन घराण्यांत रक्त सांडलं की मध्यस्थीला जाणारी वजनदार माणसं. बऱ्याच बोलण्यानंतर यजमान म्हणतो, "प्या." पेले रिकामे होतात आणि नवखा समाजकार्यकर्ता वहीत लिहून मोकळा होतो: तंटा मिटला.

तो मिटलेला नसतो. त्या दिवशी मिळाली ती अत्वा. सुल्हा अजून कित्येक महिने, कधी वर्षंही दूर असते.

अत्वा म्हणजे मुदत. खुनानंतरच्या पहिल्या दिवसांना 'रक्ताची उकळी' म्हणतात. जुन्या रिवाजात हा काळ तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस असा मोजलेला आहे. या उकळीत सूड उगवला जाऊ नये म्हणून जाहा धावते आणि ठरावीक काळापुरतं अभय मागून घेते. मुदत संपली की ती वाढवून घ्यावी लागते, नाहीतर शब्द सुटला. म्हणून अशा घरात काम करणाऱ्याने सगळ्यात आधी विचारावं ते मुदत कधी संपते हे. शाळेत एक मुलगा अचानक येईनासा झाला, तर आईबापांचा हलगर्जीपणा म्हणून नोंद करण्याची घाई नको. मारेकऱ्याच्या नातलगांना गाव सोडून जावं लागतं, त्याला 'जल्वा' म्हणतात. ते पोर कदाचित दुसऱ्याच गावात, परक्या लोकांच्या आश्रयाला बसलेलं असतं. बापाने केलेल्या गुन्ह्यासाठी दप्तर सुटलेल्या मुलाचं दुःख कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न मला फार छळतो.

सुल्हा म्हणजे शेवट. हिंदीतली 'सुलह' याच शब्दाची. ती चार भिंतींत होत नाही, गावासमोर होते. इस्रायलच्या उत्तरेला, गॅलिलीतल्या अरब गावांत, पांढऱ्या निशाणाला दोन्ही बाजूंची माणसं गाठी मारतात, हस्तांदोलन होतं, क्षमेचे शब्द उच्चारले जातात, मग कडू कॉफी आणि एकत्र जेवण. नुकसानभरपाई ठरते आणि 'कफील' उभे राहतात. कफील म्हणजे आपल्याकडचा जामीन (हा शब्दही मूळचा अरबीच): एक पैसे चुकते होतील याचा, दुसरा शांतता टिकेल याचा. शब्द मोडला तर कफीलाचं तोंड काळं होतं, पाळला तर उजळतं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेव वाळवंटातल्या बेदुइन अरबांत काम केलेले समाजकार्याचे अभ्यासक अलियान अल-क्रेनावी, जे स्वतः त्याच समाजातले, आणि त्यांचे सहकारी जॉन ग्रॅहम यांनी गेली काही दशकं हेच मांडलं की समाजकार्यकर्त्याने मध्यस्थांना, वडीलधाऱ्यांना वगळून काम करू नये, त्यांना सोबत घ्यावं. हे मला मनापासून पटतं. कोर्टाने शिक्षा दिली तरी दोन घराण्यांमधलं वैर तसंच राहतं, ते मिटवायची ताकद सुल्ह्यातच आहे.

पण तिथेच एक अडचण उभी राहते. अत्वा काय किंवा सुल्हा काय, बोलणी करणारे जवळपास सगळे पुरुष, आणि करार घराण्यांचा. बाईचा जीव घरातल्याच माणसाने घेतला तर तिच्या बाजूने बोलायला बसलेलं घराणं तेच असतं. जॉर्डनच्या कायद्यात पीडितेच्या कुटुंबाने 'वैयक्तिक हक्क', म्हणजे आपली तक्रार, सोडला की शिक्षा कमी होऊ शकते, आणि अशा खटल्यांत हा हक्क सोडणारं कुटुंब मारेकऱ्याचंही असतं. बलात्कार करणाऱ्याने पीडितेशी लग्न केलं की खटला थांबवणारं कलम 308 तिथल्या संसदेने 2017 साली रद्द केलं. त्यासाठी जॉर्डनच्याच बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला.

म्हणून कॉफीचे पेले रिकामे झाल्यावरही काम संपत नाही. आतल्या खोलीत जायचं असतं, शक्यतो बाई कार्यकर्तीने, आणि तिथे विचारायचं असतं: बाहेर जे ठरलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं का?