लेन्स बदलता येणारे कॅमेरे आणि ऑल-इन-वन झूम कॅमेरे

मोबाइल सोडून वेगळा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दोन जाती समोर येतात. एक म्हणजे बॉडी वेगळी, लेन्स वेगळी, म्हणजे डीएसएलआर (आत आरसा असलेले) किंवा हल्लीचे बिनआरशाचे मिररलेस. दुसरी म्हणजे लेन्स बॉडीलाच कायमची बसवलेली पण झूम दणकून, यांना ब्रिज कॅमेरा किंवा सुपरझूम म्हणतात. बाहेरून दोन्ही बरेचसे सारखे दिसतात, तीच जाड ग्रिप, तोच व्ह्यूफाइंडर, आणि दुकानात झूमचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असल्यामुळे लोक तोच बघून ठरवतात. बघायचा असतो तो सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा आतला चौकोनी तुकडा.

मजा म्हणजे फिल्मच्या काळात हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. रिकोचा मिराई (१९८८) आणि ऑलिंपसचा आयएस-१ (१९९०) हे न निघणाऱ्या लेन्सचे एसएलआरच (आरशावाले कॅमेरे) होते, झूम ३५ ते १३५ मिमी (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), आणि आत फिल्म तीच ३६×२४ मिमीची जी कुठल्याही मोठ्या एसएलआरमध्ये जायची. म्हणजे लेन्स बॉडीला कायमची बांधली गेली, पण फ्रेमचा आकार काही कमी झाला नाही. डिजिटल आल्यावर गणित बदललं, कारण मोठा सेन्सर महाग पडतो आणि मोठ्या सेन्सरला लांब झूम द्यायचा तर लेन्स अवजड होते, मग कंपन्यांनी ब्रिजमध्ये छोटे सेन्सर टाकले आणि झूम वाढवत नेला.

किती छोटे? फुल फ्रेम ३६×२४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५×१५.६ (कॅननचा जरा लहान), मायक्रो फोर थर्ड्स १७.३×१३, ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२×८.८, आणि बहुतेक सुपरझूममधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२×४.६ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम त्याच्या जवळजवळ ३० पट भरतो. निकॉनच्या पी१००० ला (२०१८) १२५ पट झूम आहे, फुल फ्रेमच्या हिशोबात २४ ते ३००० मिमी लिहिलेलं असतं, पण लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ५३९ मिमी आहे, बाकीचं काम छोट्या सेन्सरचं. तरी हा कॅमेरा १.४ किलोचा आहे! आणि फुल फ्रेमची ६०० मिमी एफ/४ (हा एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त) लेन्स एकटीच ३ किलोच्या आसपास जाते, त्यामुळे चंद्र किंवा लांब झाडावरचा शांत बसलेला पक्षी एवढीच हौस असेल तर ब्रिजची टिंगल करण्यात काही अर्थ नाही. फक्त पूर्ण झूमला अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश सोडणारं भोक, एफ/८ वर येतं, एवढ्या छोट्या सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो) बारीक तपशील मऊ पडतात, आणि उन्हात तापलेली हवा मधे हलत असेल तर कुठलीही लेन्स लावा, लांबचं चित्र लहरतंच.

संध्याकाळी घरात पळणारं पोर टिपायचं असेल तर मात्र सुपरझूम हात टेकतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ सारखी छोटी, त्यातल्या त्यात स्वस्त प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की एफ/५.६ च्या मानाने साडेनऊ पट जास्त प्रकाश आत येतो. पार्श्वभूमी धूसर करायची असेल तरी हाच उपाय. पण हे सगळं लेन्स बदलली तर. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, म्हणजे कॅमेरा घेतात, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स लावतात आणि ती परत कधीच निघत नाही.

किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ वर जाते, एपीएस-सीचा १.५ चा क्रॉप (फुल फ्रेम किती पट मोठा तो आकडा) धरला तर फुल फ्रेमच्या हिशोबात ते साधारण एफ/८.४ झालं. सोनीचा पहिला आरएक्स१० (२०१३) एक इंची सेन्सरचा, २४ ते २०० मिमी, सगळीकडे एफ/२.८, त्याला या सेन्सरच्या २.७ क्रॉपने गुणा, एफ/७.६ आला. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा त्या किट लेन्सनेच खाऊन टाकला, वर झूमही कमी. म्हणून दुसरी लेन्स घ्यायचीच नाही हे आधीच माहीत असेल तर एक इंची ब्रिज हाच शहाणपणाचा सौदा, पॅनासॉनिकचा एफझेड१००० (२०१४, २५ ते ४०० मिमी) किंवा आरएक्स१० चा चौथा अवतार (२०१७, २४ ते ६०० मिमी, एफ/२.४-४, वजन १.१ किलो). या चौथ्यात फेज डिटेक्शन (झटकन जमणारा) फोकस आहे, त्यामुळे उडत्या पक्ष्यालाही पकडतो, नाहीतर ब्रिजचा फोकस तिथे अडखळतो आणि मोटरचा झूम सावकाश सरकेपर्यंत पक्षी गेलेला असतो. मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढताना, मात्र छोटा सेन्सर कामाला येतो, डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं ते) जास्त मिळते, किड्याचं डोकं आणि पंख दोन्ही शार्प.

मधला मार्गही आहे, टॅमरॉनची १८-४०० मिमी (२०१७) एपीएस-सीवर लावून विसरून जायची. लांब टोकाला एफ/६.३, त्यामुळे अंधारात रड आहेच, पण उद्या प्राइम घ्यायची वाट बंद होत नाही. शिवाय माउंट (बॉडीला लेन्स जोडायची कडी) दीर्घायुषी असतात, निकॉनचा एफ माउंट १९५९ चा आणि त्यातल्या कितीतरी लेन्स अडॅप्टर लावून आजच्या झेड मिररलेस बॉडीवर चालतात, ब्रिजमध्ये सेन्सर जुना झाला की चांगली लेन्सही त्याच्याबरोबर गेली.

नवे ब्रिज आता कमीच येतात. सिपा या जपानी संघटनेच्या आकडेवारीत २०१० साली १२ कोटींवर असलेली डिजिटल कॅमेऱ्यांची शिपमेंट २०२० मध्ये ९० लाखांच्या आत आली, मोबाइलने फिक्स्ड लेन्सवाल्यांनाच सगळ्यात जास्त खाल्लं. २०२५ चा निकॉन पी११०० म्हणजे जुनीच लेन्स आणि यूएसबी-सी. त्यामुळे बरेचजण सेकंडहँड बघतात. तेव्हा झूम दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा चालवून बघावा, मोटर कुरकुरली किंवा मधेच अडकली तर सोडून द्यावा. मग अपर्चर लहानात लहान करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा, काळे ठिपके दिसले तर धूळ आत गेलेली आहे, आणि न निघणाऱ्या लेन्समागची धूळ घरी पुसता येत नाही, अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.