काय-स्क्वेअरला टक्के चालत नाहीत

एका औषधानं १०० पैकी ६० रुग्ण बरे झाले, दुसऱ्यानं १०० पैकी ५०. हा फरक औषधाचा की योगायोगाचा?

हे तपासणारी संख्याशास्त्रातली काय-स्क्वेअर चाचणी आधी फरक नाहीच असं धरते. एकूण २०० पैकी ११० बरे झाले, म्हणजे प्रत्येक गटात ५५ बरे आणि ४५ न झालेले अपेक्षित. आता दोन औषधं आणि बरे झालेले-न झालेले असा चार चौकटींचा तक्ता मांडून प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आकड्यातून अपेक्षित आकडा वजा करायचा, वजाबाकीचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्यानं भागायचं. चारही चौकटींत फरक ५ चाच, म्हणून २५/५५ दोनदा आणि २५/४५ दोनदा. बेरीज २.०२. दोन ओळी-दोन स्तंभांच्या तक्त्याला स्वातंत्र्याची मात्रा १ (ओळी-स्तंभांच्या बेरजा ठरल्या की एकच चौकट मोकळेपणानं भरता येते), आणि ५ टक्के पातळीला, म्हणजे फरक नसतानाही शंभरात पाचदाच ओलांडला जाईल असा, उंबरठा ३.८४. आपण त्याच्या खालीच आहोत; योगायोग नाकारता येत नाही. (ही मात्रा मोजताना खुद्द कार्ल पिअर्सन चुकले होते. चाचणी त्यांनी १९०० मध्ये मांडली; अशा तक्त्याला ३ नव्हे, १ मात्रा लागते हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं.)

गणित कागदावर होतं, मूळ माहिती घंटेच्या आकारात विखुरलेली असण्याची अट नाही, रक्तगट किंवा हो-नाही अशा वर्गवारीवरही काम भागतं. लोकप्रियता उगाच नाही.

पण प्रत्येक गटात १००० रुग्ण घ्या, टक्के तेच ठेवा: उत्तर २०.२. फरक तेवढाच, उत्तर दहापट! म्हणून मोठ्या नमुन्यात नुसतं 'लक्षणीय' (म्हणजे उंबरठा ओलांडला) असं छापणं मला अपुरं वाटतं. उत्तराला एकूण संख्येनं भागून वर्गमूळ काढा, दोन्हीकडे ०.१० येईल. संबंध आहे, पण क्षीण. जास्त ओळी-स्तंभांच्या तक्त्यांसाठी हेच काम क्रेमरचा व्ही हे माप करतं.

सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते. गटात २० च रुग्ण, १२ आणि १० बरे. कुणी चौकटींत ६० आणि ५० टक्के भरतो आणि २.०२ काढतो. खरं उत्तर ०.४० आहे. चौकटीत नेहमी मोजलेली माणसं हवीत.

अपेक्षित आकडे फार लहान असले तर ३.८४ हा उंबरठाच भरवशाचा राहत नाही. संख्याशास्त्रज्ञ कॉक्रन यांचा ठोकताळा असा: ५ पेक्षा कमी अपेक्षित आकडा असलेल्या चौकटी २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि १ पेक्षा कमी एकही नको. पाहायचा तो अपेक्षित आकडा. प्रत्यक्षातला शून्य असला तरी हरकत नाही. अट मोडत असेल तर अशा उंबरठ्याऐवजी शक्यता थेट मोजणारी फिशरची अचूक चाचणी वापरा.

एक माणूस एकाच चौकटीत हवा. त्याच रुग्णांची उपचाराआधीची आणि नंतरची 'हो-नाही' उत्तरं असतील, तर मॅकनेमार चाचणी लागते. आणि 'कमी, मध्यम, जास्त' असे स्तंभ असतील तर ते कसेही उलटसुलट लावून पाहा: काय-स्क्वेअरचं उत्तर तसूभरही हलत नाही, कारण क्रम त्याला दिसतच नाही.